फुले गळाल्यावर

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त राऊ येथे भाद्रपद महिन्यात झालेल्या घरगुती व्याख्यानाचा मजकूर)



आम्हांला नेमून दिलेला विषय अगदी लहान आहे. महोत्सवाच्या व्याख्यानांत शिक्षण झाले, आरोग्य झाले, समाजाची पन्नास वर्षांची वाटचाल झाली. आणि आमच्या वाट्याला आली ती एक कुंडी. पण या कुंडीवरून गेल्या तीन महिन्यांत न्यासाच्या बैठकीत जितकी चर्चा झाली, तितकी वसतिगृहाच्या नव्या गच्चीवरूनही झाली नसेल. तेव्हा विषय लहान म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

हकिकत सर्वांना ठाऊक आहेच. माघात ज्येष्ठ सभासदांचा सत्कार झाला तेव्हा शाल-श्रीफळाबरोबर प्रत्येकाला एकेक मॉथ ऑर्किडची कुंडी देण्यात आली. पांढरी, जांभळी, पिवळसर फुले, वाकलेली दांडी, चकचकीत जाड पाने. ज्याने त्याने ती दिवाणखान्यात मांडली. फाल्गुन गेला, चैत्र आला, फुले एकेक करून गळाली. वैशाखात कुंडीत उरली एक काडी आणि चार पाने. मग बैठकीत सूर निघाला की देणगीदारांचा पैसा पाण्यात गेला, यापुढे शालच बरी. काही मंडळींनी कुंड्या अंगणातल्या कोपऱ्यात ठेवल्या, काहींनी झाड उपटून काळ्या मातीत लावले, आणि दोघा-तिघांनी सरळ कचऱ्याच्या गाडीत दिले.

आमचे म्हणणे एवढेच की, फुले गळाली म्हणजे झाड संपले असे नव्हे. ज्या झाडाची फुले दोन-तीन महिने टिकतात, ते झाड पुढे कित्येक वर्षे जगणारे असते. आपल्या हाती दिलेल्या फुलांत आपले काहीच नव्हते. ती फुले कुठल्यातरी थंड हरितगृहात, यंत्राने हवा गार राखून तयार केलेली होती. आपण नुसते प्रेक्षक होतो. आपल्या घरचे काम फुले गळाल्यावरच सुरू होते.

आधी या झाडाची थोडी ओळख करून घेऊ, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. याचे शास्त्रीय नाव फॅलेनॉप्सिस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पतंगासारखे दिसणारे. आपल्या दिव्यावर झेपावतो तो पतंग. लिनियसने १७५३ साली याच्या एका जातीची नोंद दुसऱ्याच नावाखाली केली होती. ब्लूम नावाच्या डच राज्यातील वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२५ साली त्याला आजचे नाव दिले. जावा, सुमात्रा, फिलिपाईन्स हे याचे माहेर. आपल्या देशात ईशान्येकडच्या जंगलांत आणि पश्चिम घाटात याची लहान फुलांची भावंडे आहेत, पण बाजारात मिळणारे मोठ्या फुलांचे झाड मात्र संकराने तयार केलेले.

जंगलात हे झाड जमिनीत वाढत नाही. उंच वृक्षाच्या खोडाला किंवा फांदीला मुळ्यांनी घट्ट धरून ते लोंबते. आपल्याकडे झाडावर वाढणाऱ्या प्रत्येक वनस्पतीला लोक बांडगूळ म्हणून मोकळे होतात, ते येथे चुकीचे आहे. बांडगूळ झाडाचा रस पिते. ऑर्किड, ज्याला मराठीत आमरी असा गोड शब्द आहे, ती फक्त बसायला जागा मागते. पाणी पावसाचे, अन्न सालीत साठलेल्या पालापाचोळ्याचे आणि हवा भरपूर. आमच्या मालव्यातही आंब्या-मोहाच्या जुन्या झाडांवर एक आमरी आढळते. तिला शास्त्रज्ञ वांडा म्हणतात, आणि हा शब्द मूळचा संस्कृत. कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पंडितांकडून उचलला. काही प्रांतांत तिच्या मुळ्या वैद्य मंडळी रास्ना म्हणून वापरतात. सह्याद्रीतल्या आमऱ्यांवर तर फादर सांतापाव आणि कापडिया यांचा मुंबई इलाख्यातील ऑर्किडांवरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ १९६६ साली निघाला. सांगायचा मुद्दा असा की, ऑर्किड म्हणजे विलायती श्रीमंतांचा शौक ही समजूत बरोबर नाही. सीतेची वेणी म्हणून ज्या फुलांचे आपल्या आज्या कौतुक करीत, तीही आमरीच.

आता झाडाच्या मुळ्या पाहा. कुंडी पारदर्शक प्लास्टिकची असते ती शोभेसाठी नव्हे. या मुळ्यांना प्रकाश लागतो. पानांबरोबर त्याही थोडे अन्न तयार करतात. मुळीवर टिपकागदासारखे एक पांढरे आवरण असते. पाणी पडले की ते शोषून घेते आणि मुळी हिरवी दिसते. वाळली की रुपेरी होते. पाणी केव्हा घालावे हे पंचांगात शोधायला नको. मुळ्या हिरव्या तोवर थांबा. रुपेरी झाल्या की घाला. वाणी साखर तोलतो त्यापेक्षा हे सोपे आहे, तरी दहांतली सात-आठ झाडे जास्त पाण्यानेच जातात. माया फार, दुसरे काय!

फुले गळाल्यावर पहिला प्रश्न दांडीचा. दांडी पिवळी-तपकिरी पडून वाळली असेल तर ती बुडापासून बोटाच्या एका पेरावर कापून टाकावी. तिच्यात जीव उरलेला नसतो. दांडी हिरवी असेल तर दोन वाटा आहेत. तिच्यावर ऊसासारखी पेरे दिसतात. खालून मोजून तिसऱ्या पेराच्या थोडे वर कापले, तर पुष्कळदा त्या पेरातून नवी फांदी फुटून दोन-तीन महिन्यांत पुन्हा थोडी, जरा लहान फुले येतात. दुसरी वाट म्हणजे हिरवी दांडीसुद्धा बुडापासून काढून टाकणे. आमचे मत विचाराल तर राऊ-इंदुरात दुसरी वाट धरावी. कारण आपल्याकडे फुले गळतात नेमकी चैत्राच्या सुमारास. पुढे वैशाख-ज्येष्ठाची झळ, पारा चाळिशीपलीकडे. अशा वेळी झाडाने नवी फुले धरण्यापेक्षा पाने आणि मुळ्या राखाव्यात हे शहाणपणाचे. ज्या झाडाला चारांपेक्षा कमी पाने आहेत, किंवा ज्याची पाने सुरकुतली आहेत, त्याच्या बाबतीत तर दुसरा विचारच करू नये.

कापायची कात्री किंवा पाते आधी ज्योतीवर धरून किंवा स्पिरिटने पुसून घ्यावे, आणि एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पुन्हा पुसावे. ऑर्किडांचे विषाणुरोग असे पात्यावरूनच पसरतात आणि त्यांना औषध नाही. कापलेल्या जागी चिमूटभर दालचिनीची पूड लावावी, बुरशी धरत नाही. मात्र ती मुळ्यांवर सांडू देऊ नये, मुळ्या वाळतात.

कधीकधी दांडीच्या पेरातून फूल न येता इवलेसे रोपच फुटते. त्याला हवाई बेटांतले लोक केइकी म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत लेकरू. त्याला दोन-तीन पाने आणि बोटाएवढ्या लांब मुळ्या आल्या, की मगच आईपासून तोडावे. त्याआधी नाही.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. माघातल्या सत्काराच्या कुंड्यांपैकी एक कुंडी न्यासाच्या एका जुन्या कार्यकर्त्या बाईंना मिळाली होती. वैशाखात त्या वारल्या. पुढे त्यांचे यजमान, वय ऐंशीच्या घरातले, एका सकाळी कुंडी पिशवीत घालून आमच्याकडे आले. फुले केव्हाच गेली होती, दांडी कोळ झाली होती. ते म्हणाले, ‘‘हिने ही काडी कापू दिली नाही. म्हणायची, अजून हिरवी आहे. आता तुम्ही सांगा.’’ आम्ही कुंडी उजेडाला धरली. दांडी वाळलेली होती, पण तळाशी चार मुळ्या पांढऱ्या, टणक, आणि दोन पाने घट्ट. आम्ही त्यांना म्हटले, ‘‘काका, बाई म्हणत होत्या ते बरोबर होते, पण तेव्हाचे. आता दांडी गेली, झाड आहे.’’ त्यांनी कात्री मागून घेतली आणि दांडी स्वतः कापली. ती काडी त्यांनी रुमालात बांधून घरी नेली. आम्ही काही बोललो नाही. त्यांच्या झाडाविषयी शेवटी सांगू.

दांडीनंतर कुंडी. दर दीड-दोन वर्षांनी, आणि तेही फुले गळाल्यानंतरच, झाड नव्या भरणात बसवावे. दुकानातून आलेली पुष्कळ झाडे शेवाळाच्या गच्च गोळ्यात कोंबलेली असतात. बाहेरून कोरडे दिसते, आत बोट घातले तर चिंब. मुळ्या तेथेच कुजतात. तेव्हा नव्या झाडाच्या बाबतीत दोन वर्षे वाट न पाहता पहिल्याच मोसमात गोळा सोडवून पाहावा. टणक मुळ्या ठेवाव्यात. तपकिरी, पोकळ, चिमटीत दबणाऱ्या कापून टाकाव्यात. कडक उन्हाळ्यात मात्र हे काम करू नये. मृगाचे एक-दोन पाऊस पडून हवा ओलसर झाली की करावे. मुळ्या पुन्हा धरायला तीच वेळ चांगली.

भरण म्हणजे माती नव्हे, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. आमची मालव्याची काळी माती गव्हा-हरभऱ्याला सोने आहे, पण आमरीला विष. ती पाणी धरून ठेवते आणि मुळ्यांना हवा लागू देत नाही. शेणखतही घालू नये, त्याच कारणाने. लाकडी कोळशाचे बोराएवढे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे, मिळाल्यास पाइनच्या सालीचे तुकडे, एवढे पुरे. सोडणात मीठ असते, म्हणून तीन-चार वेळा पाणी बदलून दोन दिवस भिजवावे. कोळसा इस्त्रीवाल्याकडचा चालतो. फक्त जाळून राख झालेला नको आणि त्यावर रॉकेल पडलेले नसावे. कुंडी झाडापेक्षा मोठी घेण्याचा मोह टाळावा. मुळ्या जेमतेम मावतील एवढीच घ्यावी. काही मुळ्या कुंडीबाहेर लोंबतात. त्या कोंबून आत घालू नयेत, हवेतच राहू द्याव्यात.

पाणी सकाळी घालावे, आणि पानांच्या मधल्या बेचक्यात साचू देऊ नये. या झाडाला वाढण्याचा शेंडा एकच, त्या बेचक्यात. गुलाब कापला तर बाजूने फुटतो. हे झाड शेंड्यातून कुजले तर बहुधा गेलेच. पाणी चुकून पडलेच तर कागदाच्या कोपऱ्याने किंवा कापसाने टिपून घ्यावे. बशीत पाणी साचू देऊ नये. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी लागते असा साधारण अंदाज. पण शेवटचा हुकूम मुळ्यांच्या रंगाचा. ज्यांच्या घरी कूपनलिकेचे जड पाणी आहे, त्यांच्या कुंडीवर पांढरा थर धरतो. त्यांनी पावसाचे पाणी एखाद्या पिंपात झाकून ठेवावे. मालव्यात चार महिने आभाळ फुकट देते ते घ्यायला काय हरकत आहे?

खत पावसाळ्यात आणि शरदात, तेही पातळ. नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले, पाण्यात विरघळणारे खत घेऊन पुड्यावर लिहिलेल्या प्रमाणाच्या चौथ्या हिश्शाने, आठवड्याला एकदा. कोरड्या मुळ्यांवर खत घालू नये, आधी साधे पाणी. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी वाहती धुवावी, म्हणजे क्षार निघून जातात.

उजेडाविषयी फार बोलत नाही. पूर्वेची खिडकी उत्तम, पातळ पडद्याआड. पाने मध्यम हिरवी असली की ठीक. गर्द काळपट हिरवी झाली तर उजेड कमी, पिवळट किंवा लालसर झाली तर जास्त. दुपारचे ऊन एक तासही नको. पानावर भाजल्याचा डाग पडतो तो कायमचा.

आणि आता वैशाख. राऊच्या उन्हाळ्यात झाड ठेवायचे कुठे, हा खरा आमच्या गावचा प्रश्न. पुस्तके बहुतेक परदेशी हवामानासाठी लिहिलेली असतात. त्यांत लूचा उल्लेख नसतो. ज्यांच्या घरी जुन्या पद्धतीची घडवंची अजून आहे, त्यांनी कुंडी तिच्याशेजारी ठेवावी. माठांच्या झिरपण्याने तिथली हवा गार आणि दमट राहते. कूलरची खोलीही चांगली, फक्त वाऱ्याचा झोत थेट झाडावर नको. वातानुकूलित खोली थंड असते पण कोरडी. तिथे पसरट ताटात खडे आणि थोडे पाणी घालून खड्यांवर कुंडी ठेवावी, बूड पाण्याला लागणार नाही अशी. या दिवसांत पानांच्या खाली लाल कोळी, आणि बेचक्यात पिठ्या ढेकूण होतो. स्पिरिटात भिजवलेल्या कापसाने पुसला की जातो, मात्र दर आठवड्याला पाहिले पाहिजे.

आणखी एक आमच्या घरांतलीच गोष्ट. आंब्यांची अढी ज्या खोलीत घातली असेल, तिथे फुललेले ऑर्किड ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून एथिलीन नावाचा वायू निघतो. त्याने फुले आठवड्यात माना टाकतात आणि कळ्या पिवळ्या पडून गळतात. उदबत्तीचा दाट धूरही तसाच वाईट. या वर्षी काहींची फुले शेजाऱ्यांच्या आधी गळाली, त्यांनी अढी कुठे होती ते आठवून पाहावे.

एवढे सगळे केले तरी फुले का येत नाहीत, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. पाने हिरवीगार, मुळ्या उत्तम, दोन वर्षे फूल नाही. कारण बहुधा एकच. या झाडाला फुलाची दांडी काढायला गारवा लागतो. दिवसाही अठ्ठावीस-एकोणतीस अंशांवर उकाडा राहिला तर ते पानेच काढीत बसते. चार-सहा आठवडे दिवस पंचवीसच्या आसपास आणि रात्र सोळा ते अठराच्या आसपास मिळाली की पानाच्या बगलेतला निजलेला डोळा जागा होतो. हरितगृहवाले हेच यंत्राने करतात. मुंबईकडच्या आमच्या नातेवाइकांना हे जड जाते. आपल्याला मात्र ते फुकट आहे. साडेपाचशे मीटर उंचीच्या या पठाराच्या रात्रींचे कौतुक ‘शब-ए-मालवा’ म्हणून जुन्या काळापासून चालत आले आहे, ते उगाच नाही. शिवाय हे झाड आपली श्वासछिद्रे मुख्यतः रात्री उघडते आणि लागणारा वायू तेव्हाच आत घेते, म्हणून रात्रीची मोकळी हवा त्याला दुहेरी लाभते.

तेव्हा आमचा क्रम असा. कोजागिरी झाली की कुंड्या रात्री उघड्या खिडकीत किंवा पूर्वेच्या व्हरांड्यात ठेवाव्यात. कार्तिकभर तशाच. मार्गशीर्षात पारा बारा-तेराच्या खाली उतरू लागला की रात्री आत घ्याव्यात, कारण दहाच्या खाली पानांवर खड्डे पडतात आणि झाड आजारी होते. पौषातल्या थंडीत झाड बाहेर विसरणे म्हणजे वर्षाची मेहनत एका रात्रीत घालवणे.

दांडी पानाच्या खालून निघते आणि पहिल्यांदा मुळीसारखीच दिसते. ओळखण्याची खूण सांगतो. मुळीचे टोक गोल, चकचकीत. दांडीचे टोक चपटे, लहान मुलाच्या अंगठा वेगळ्या हातमोज्यासारखे, आणि ते वर उजेडाकडे वळते. ओळख पटल्यावर कुंडीची दिशा बदलू नये, नाहीतर दांडी पिळवटते. तिथून फुलायला तीन-चार महिने. म्हणजे मार्गशीर्षात दांडी दिसली तर फाल्गुनाच्या आसपास फुले.

बैठकीत एका सभासदांनी विचारले होते, एवढा खटाटोप करायचा तर देशी झाड का देऊ नये? प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या घरी दुपारी कोणी नसते आणि खोली भट्टीसारखी तापते, त्यांना आम्ही मॉथ ऑर्किडचा आग्रह करणार नाही. वांडा आमच्या हवेला जास्त सोसते. मात्र ती रोपवाटिकेतूनच घ्यावी. जंगलातल्या आंब्यावरची आमरी ओरबाडून आणणे आम्हांला मान्य नाही. ऑर्किडचे बी धुळीएवढे, त्यात अन्नाचा साठा नाही. एका बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, हे फ्रान्सच्या बर्नार यांनी १८९९ साली दाखवले. जंगलात लाखांतून एखादे झाड व्हायचे. अमेरिकेत नुडसन यांनी १९२२ साली बाटलीत साखरेच्या खळीवर बी रुजवून दाखवले, तेव्हापासून ही झाडे सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागली. बाटलीतले झाड मिळत असताना जंगलातले का काढावे?

न्यासापुढे आमची सूचना अशी आहे. ज्यांना कुंड्या ठेवणे जमत नाही, त्यांनी त्या फेकू नयेत. वसतिगृहाच्या पूर्वेच्या व्हरांड्यात आणून द्याव्यात. बागेची मंडळी त्या सांभाळतील. ज्या फुलतील त्या पुढच्या सत्काराला पुन्हा देता येतील, म्हणजे खर्चाचा प्रश्न उरणार नाही. शालीविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही.

त्या काकांच्या झाडाविषयी सांगायचे राहिले. आषाढात आम्ही ते कोळशात बसवून दिले. श्रावणात त्याला एक नवे पान फुटले आहे, अजून करंगळीएवढे. काका दर रविवारी दर्शनाला येताना कुंडी पिशवीतून घेऊन येतात आणि आम्हांला दाखवतात. येण्या-जाण्याचा धक्का झाडाला बरा नव्हे असे आम्ही सांगून पाहिले, पण ते ऐकत नाहीत. तीन पानांच्या झाडाला या वर्षी दांडी येईल की नाही, याची खात्री आम्ही देऊ शकत नाही, आणि तसे त्यांना सांगितलेही आहे. ते म्हणाले, ‘‘मग पुढच्या वर्षी बघू.’’

कोळसा आणि भिजवलेले सोडण व्याख्यानानंतर मागच्या ओसरीवर ठेवले आहे. ज्यांनी कुंड्या आणल्या आहेत त्यांनी थांबावे. कात्री एकच आहे, तेव्हा थोडा वेळ लागेल.